नाणं टांकसाळीत बिघडलं की बाहेर?

"काका, याचे किती येतील?"

नाण्यांचा नाद असल्याचं गल्लीत कळलं की या प्रश्नातून सुटका नाही. कुणाच्या दहाच्या नाण्याचा मधला गोल फिरलेला असतो, कुणाला दोनच्या नाण्यावरचे सिंह दोनदा उमटलेले दिसतात, कुणाच्या रुपयाची कड एका बाजूनं खाल्लेली असते. मोबाइलवर 'एरर नाणं, किंमत पाच लाख' असला व्हिडिओ पाहिलेला असतो आणि त्या आशेनं नाणं रुमालात बांधून आणलेलं असतं. इंदूरच्या सराफ्यात दिवसा जुनी चांदी घेणाऱ्या पेढ्यांवरही अशी मंडळी येतात. संध्याकाळ उलटली की त्याच ओट्यांवर भुट्ट्याचा कीस आणि थंडीत गराडू मिळायला लागतो, तेव्हा निदान ते तरी खाऊन घरी जातात. कारण नाण्याबद्दलचं उत्तर बहुतेक वेळा 'दहाचे दहाच' एवढंच असतं.

तरी कधीमधी एखादं नाणं खरंच टांकसाळीतच बिघडून बाहेर आलेलं असतं. ते ओळखायला चुकांच्या याद्या पाठ करून फारसा उपयोग होत नाही, कारण दर यादीत न बसणारं नाणं समोर येतंच. त्यापेक्षा नाणं पडतं कसं हे एकदा नीट समजून घेतलं तर निवाडा आपला आपण करता येतो.

फटका एकच

भारतात आज नाणी चार ठिकाणी पडतात: मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा. नाणं घडण्याची रीत अशी. धातूचा पत्रा हव्या त्या जाडीपर्यंत लाटतात आणि त्याच्या लांब पट्टीतून गोल चकत्या कापतात. लाटून धातू ताठर झालेला असतो, म्हणून चकत्या भट्टीत तापवून मऊ करतात, धुऊन स्वच्छ करतात. त्यांची कड चहूबाजूंनी दाबून काठ किंचित उभा केला जातो. मग चकती छापयंत्रात जाते. खाली एक ठसा, वर एक ठसा आणि चकतीभोवती घट्ट बसणारं पोलादी कडं. या कड्याला सगळे 'कॉलर'च म्हणतात. कित्येक टनांचा दाब पडतो, थंड धातू त्या क्षणी अक्षरशः वाहतो, ठशातल्या खोलगट जागांमध्ये चढतो, बाजूला पसरतो आणि कॉलरला भिडून थांबतो. कॉलरला आतून दाते असले तर नाण्याची कड दातेरी होते.

छापा, काटा आणि कड, तिन्ही एकाच फटक्यात घडतात. पुढचं सगळं यावरच उभं आहे. छापताना काही चुकलं तर त्या चुकीचा परिणाम एका जागी थांबत नाही. धातू इकडे कमी पडला की तिकडची नक्षी फिकी राहते, कॉलर वेळेवर वर आली नाही की नाण्याची रुंदीच बदलते. बाहेर पडल्यावर नाण्याला जे काही होतं, म्हणजे घासणं, ठोकणं, पक्कडीत दाबणं, पोरांनी रुळावर ठेवणं, ते मात्र आधीच तयार झालेल्या नक्षीवर होतं. तिथं नक्षी मोडलेली दिसते आणि मोडताना हललेला धातू जवळपासच कुठेतरी सापडतो. म्हणून नाणं हातात घेतल्यावर 'हे किती विचित्र आहे' यापेक्षा 'हे यंत्रात कसं घडलं असेल' हे विचारावं. यंत्रात घडूच शकत नसेल, तर ते बाहेर घडलंय.

उंचवटा की खड्डा

पहिली तपासणी अगदी सोपी आहे आणि तिला भिंगसुद्धा लागत नाही. नाण्यावरची ती जादाची रेघ किंवा ढेकूळ वर उठलेलं आहे की आत गेलेलं?

मोदकाच्या साच्याला आतून तडा गेला असेल, तर प्रत्येक मोदकावर त्या जागी बारीक रेघ उठून येते. साच्यात जे खोल, ते मोदकावर उंच. ठशाचंही तसंच. लाखो फटके खाऊन ठशाला तडा जातो, त्या तड्यात धातू शिरतो आणि नाण्यावर वेडीवाकडी उंच रेघ दिसते. ठशाच्या काठाचा तुकडाच उडाला तर त्या जागी नाण्यावर सपाट, गुळगुळीत ढेकूळ तयार होतं आणि त्याच्या बरोबर मागच्या बाजूची नक्षी फिकी पडलेली असते, कारण तिथला धातू त्या मोकळ्या जागेत निघून गेला. मागची बाजू ठणठणीत असेल तर मला आधी शंका येते ती झाळाची. दागिन्यात बसवलेल्या नाण्यावर सोनाराच्या झाळकामाचा थेंब राहिलेला असतो. तो भिंगाखाली वेगळ्या रंगाचा दिसतो आणि खालची नक्षी झाकून बसलेला असतो.

रेघ आत गेलेली असेल तर ती बहुधा ओरखडाच. सुरीनं किंवा खिळ्यानं ओढलेल्या ओरखड्याच्या दोन्ही कडांना धातूची बारीक वरंबी उठते, बोटाच्या नखाला ती लागते. क्वचित अपवाद असतो. छापताना ठसा आणि चकती यांच्यामध्ये दोरा, तारेचा तुकडा किंवा चिंधी सापडली तर तिचा खोल छाप नाण्यावर उमटतो. मात्र त्या खाचेच्या कडा गोलसर असतात, वरंबी नसते आणि नक्षी खाचेजवळ तुटत नाही, हळूच विरत जाते.

अक्षर गायब, वर्ष गायब

ठशाच्या खोलगट जागांत तेल-वंगण आणि धातूची भुकटी साचून घट्ट बसते. मग धातूला तिथं चढायला जागाच उरत नाही आणि नाण्यावर एखादं अक्षर किंवा वर्षातला एखादा आकडा फिका येतो किंवा येतच नाही. ही खरीखुरी चूक आहे, पण अगदी साधी. अशी नाणी भरपूर निघतात आणि त्यांना किंमत फारशी मिळत नाही.

खरवडून काढलेलं अक्षर ओळखायचं असेल तर नाणं दिव्याखाली तिरकं धरून हळूहळू फिरवावं. वंगणामुळे गायब झालेल्या जागी आजूबाजूसारखीच चमक असते आणि पृष्ठभाग सलग असतो. खरवडलेली जागा शेजारपेक्षा किंचित खोल असते, तिच्यावर एकाच दिशेच्या बारीक रेघा असतात आणि प्रकाश तिथं वेगळा परततो.

याच प्रकारात टांकसाळीच्या खुणेचा गोंधळ होतो. नेहमीच्या नाण्यांवर वर्षाच्या खाली मुंबईची खूण पत्त्यांतल्यासारखी चौकट, हैदराबादची चांदणी आणि नोएडाची टिंब असते. कोलकात्याची काहीच खूण नसते. त्यामुळे 'माझ्या नाण्यावर खूण छापायची राहिली' म्हणून येणाऱ्यांची जवळजवळ सगळी नाणी कोलकात्याची निघतात. टिंब वंगणानं बुजलेलं नोएडाचं नाणंही कोलकात्याचं वाटू शकतं, हा त्यातला आणखी एक घोळ.

दोनदा दिसणारे सिंह

सगळ्यात जास्त फसगत इथं होते, म्हणून जरा थांबू या.

नाण्यावर नक्षी दुहेरी दिसण्याची निदान तीन निरनिराळी कारणं आहेत. पहिलं म्हणजे ठसाच दुहेरी कोरला गेला. ठसा तयार करताना त्यावर मूळ नक्षी दाबून उमटवली जाते. पूर्वी हे एकापेक्षा जास्त वेळा करावं लागे आणि मधे ठसा केसभर सरकला तर नक्षी दोनदा उमटे. अशा नाण्यावर अक्षरं नेहमीपेक्षा जाड असतात. दोन्ही प्रतिमा उठावदार आणि गोलाईच्या असतात आणि अक्षरांची टोकं फाटलेली, दुभंगलेली दिसतात. त्या ठशानं पाडलेल्या हरेक नाण्यावर नेमकं तेच, तेवढंच आणि त्याच दिशेनं दिसतं. संग्राहक ज्यासाठी पैसे मोजतात ते हे.

दुसरं कारण यंत्राच्या सैलपणाचं. फटका पडला आणि ठसा उचलला जाताना जरा थरथरला, तर नुकत्याच उठलेल्या अक्षराची बाजू तो घासून सपाट करतो. अक्षराच्या शेजारी एक चपटी पायरी दिसते आणि मूळ अक्षर उलट बारीक होतं. भारतीय नाण्यांत, त्यातही स्टीलच्या, हे इतकं सर्रास आहे की त्याला वेगळी किंमत मिळत नाही. अक्षर जाड झालंय की बारीक, एवढं भिंगानं पाहिलं की पहिल्या दोन कारणांतला फरक कळतो. 'डबल छपाई' म्हणून मोबाइलवर फिरणाऱ्या फोटोंत बहुतेक वेळा ही चपटी पायरीच असते.

तिसरं कारण म्हणजे नाणं खरोखर दोनदा छापलं जाणं. पहिल्या फटक्यानंतर ते बाहेर पडलं नाही, तिथंच सरकून पडलं आणि पुन्हा फटका बसला. हे लपत नाही. दुसरा छाप पहिल्याला दडपून टाकतो, दोन्ही बाजूंना एकाच जागी खूण असते आणि नाणं बहुतेक वेळा गोल राहत नाही.

कापलेली कड

चकत्या कापणारी सुरी पट्टीवर पडते तेव्हा पट्टी पुरेशी पुढे सरकलेली नसेल, तर नवी चकती आधीच्या भोकात थोडी घुसते. मग चकतीला चंद्रकोरीएवढा तुकडा कमी असतो. ही चूक नकली करणं सगळ्यात सोपं, कारण कानस घरोघरी असते.

अस्सल कापलेल्या चकतीवर कोरीजवळची अक्षरं कोरीच्या दिशेनं ओढलेली आणि फिकी होत गेलेली दिसतात. फटका पडला तेव्हा तिथं कॉलर लांब होती, धातू त्या मोकळ्या बाजूला वाहिला आणि अक्षर भरलं नाही. कानशीनं कापलेल्या नाण्यावर अक्षर शेवटपर्यंत ठसठशीत असतं आणि कापलेल्या रेषेवर एकदम तुटतं. नाणं आधी पूर्ण छापलं गेलं होतं, याची कबुली ते तुटलेलं अक्षरच देतं.

दुसरी खूण मला फार आवडते, कारण ती कोरीपासून सगळ्यात लांब, बरोबर समोरच्या काठावर असते. तिथला काठ पातळ, दबलेला किंवा नाहीसा झालेला असतो. चकतीची कड उभी करताना तिला दोन बाजूंनी दाबलं जातं. एका बाजूला कोर असेल तर तिथं दाबच पडत नाही, आणि एका बाजूनं रेटा नाही म्हटल्यावर समोरच्या बाजूलाही काठ उभा राहत नाही. कानस मारणाऱ्याच्या डोक्यात समोरच्या काठाचा विचार कशाला येईल? मात्र ही खूण प्रत्येक अस्सल नाण्यावर ठळक असतेच असं नाही. ती नाही म्हणून नाणं फेकून देऊ नये. अक्षरं काय सांगतात ते आधी पाहावं.

उलटी खोल प्रतिमा

एका बाजूला नेहमीची नक्षी आणि दुसऱ्या बाजूला तीच नक्षी आरशातल्यासारखी उलटी आणि आत खोल गेलेली, असं नाणं मिळालं तर ते ब्रॉकेज असू शकतं. आधीचं नाणं एका ठशाला चिकटून राहिलं आणि पुढच्या चकतीवर त्या ठशाऐवजी त्या नाण्याचाच चेहरा दाबला गेला.

याची नक्कल करण्यासाठी दोन नाणी एकावर एक ठेवून शिकंज्यात दाबतात. मग एका नाण्याची उलटी खोल नक्षी दुसऱ्यावर अंधुक उमटते. पण त्या दुसऱ्या नाण्यावर स्वतःची नक्षी आधीपासून होती! ती चेपलेल्या, पसरलेल्या अवस्थेत खाली दिसतेच. अस्सल ब्रॉकेजमध्ये त्या बाजूला दुसरी कुठलीही नक्षी नसते, कारण कोऱ्या चकतीवर पडलेला तो पहिलाच फटका असतो. शिवाय शिकंजा दोन्हीकडून दाबतो, त्यामुळे मागच्या बाजूचे उंच भागही सपाट होतात.

दोन्ही बाजूंना छापा असलेलं नाणं यात धरू नये. ती जादूगाराची वस्तू. एक नाणं आतून कोरून त्यात दुसऱ्याची पातळ केलेली बाजू बसवलेली असते. एका बाजूला काठाच्या आतल्या अंगाला भिंगानं बारीक गोल सांधा दिसतो आणि फरशीवर टाकलं तर नाणं खणखणत नाही.

सरकलेली नक्षी, पसरलेलं नाणं

चकती कॉलरमध्ये नीट बसली नाही तर नक्षी एका बाजूला सरकते आणि दुसऱ्या बाजूला कोरी कोर राहते. अशी कोर दोन्ही बाजूंना एकाच ठिकाणी असली पाहिजे. एकाच बाजूला कोरी जागा असेल आणि मागे नक्षी पूर्ण असेल, तर तिथं कुणीतरी घासलंय. वजन करावं: सरकलेल्या नाण्यात धातू तेवढाच असतो, घासलेल्यात कमी.

कॉलर अजिबातच आली नाही तर नाणं नेहमीपेक्षा रुंद होतं, कडेचे दाते येत नाहीत, पण नक्षी शाबूत राहते. हातोड्यानं किंवा रुळावर चपटं केलेलं नाणंही रुंद होतं, मात्र त्याची नक्षी आधी मरते. रेल्वेच्या चाकाखालचं नाणं तर एका दिशेला लांबतं आणि त्यावरची अक्षरंही त्याच दिशेला ताणली जातात.

दहाच्या नाण्याचा मधला गोल

दहाचं नाणं दोन धातूंचं असतं, बाहेर पिवळी कडी आणि मध्ये पांढरा गोल. हे दोन तुकडे जोडले जातात ते छापतानाच, त्याच फटक्यात. म्हणजे कडी आणि गोल या दोघांवर एकच ठसा एकाच वेळी पडतो.

आता विचार करा. मधल्या गोलावरची नक्षी कडीवरच्या नक्षीच्या तुलनेत फिरलेली असेल, तर ते यंत्रात कसं घडेल? घडूच शकत नाही. कुणीतरी गोल ठोकून बाहेर काढला आणि परत बसवताना फिरवला. माझ्याकडे येणाऱ्या दहाच्या नाण्यांतली सगळ्यात जास्त नाणी याच प्रकारची असतात, आणि आणणाऱ्याचा चेहरा उतरलेला पाहायला मला आवडत नाही, पण इलाज नाही.

कडीतलं भोक चुकून एका बाजूला पडलं तर गोल मध्यभागी न बसता सरकून बसतो. ही चूक खरी असते. तेव्हा नक्षी मात्र सांध्यावरून सलग जाते. ती सलग आहे ना, एवढंच पाहावं. गोल नसलेली नुसती कडी मिळाली तर भोकाच्या आतल्या भिंतीकडे बघावं. गोलाशिवाय छापली असेल तर धातू मोकळ्या भोकात वाहून आतली कड फुगीर, गोलसर झालेली असते. गोल नंतर पाडला असेल तर आतल्या भिंतीवर त्याच्या पकडीची खूण तशीच राहते.

जाता जाता: दहाच्या नाण्याच्या वेगवेगळ्या रचना या चुका नव्हेत. मागे आपल्याकडे दुकानदार रुपयाचं चिन्ह नसलेलं दहाचं नाणं घ्यायला तयार नसत. जानेवारी २०१८ मध्ये रिझर्व्ह बँकेनं तोवर निघालेल्या दहाच्या नाण्यांच्या सगळ्या १४ रचना चलनात वैध असल्याचं जाहीर केलं होतं.

काटा आणि चुंबक

नाण्याचं वजन तपासायला सराफ्यातला वजनकाटा उत्तम. २०११ च्या मालिकेतला रुपया ३.७९ ग्रॅमचा, दोनचं नाणं ४.८५ ग्रॅमचं, पाचचं ६ ग्रॅमचं आणि दहाचं ७.७१ ग्रॅमचं. यात एक गंमत आहे. या मालिकेतल्या दोनच्या नाण्याचं वजन आणि २५ मिलिमीटर व्यास हे दोन्ही १९९२ पासून निघालेल्या जुन्या स्टीलच्या रुपयाइतकेच आहेत, आणि याच मालिकेतला रुपया मापानं जवळजवळ जुन्या स्टीलच्या पन्नास पैशांएवढा आहे. त्यामुळे 'दोनचं नाणं रुपयाच्या चकतीवर पडलंय' असा दावा आला की आधी कुठल्या सालच्या रुपयाची गोष्ट चालली आहे ते विचारावं.

पाचच्या नाण्याचंही तसंच. जुनं पाचचं नाणं तांबं-निकेलचं, ९ ग्रॅमचं, जाडजूड. मग ६ ग्रॅमचं स्टीलचं आलं, नंतर पिवळं निकेल-पितळेचं. म्हणून पांढरं पाचचं नाणं दिसलं की उड्या मारू नयेत. स्टीलच्या नाण्याला चुंबक धरतं, तांबं-निकेलला आणि निकेल-पितळेला धरत नाही. रंग, वजन आणि चुंबक या तिघांचा मेळ ज्ञात प्रकारांपैकी एकाशीही बसत नसेल, तरच पुढे विचार करण्यात अर्थ आहे.

वजन कमी भरलं तर आम्ल आठवावं. आम्लात बुडवलेलं नाणं सगळीकडून सारखं झिजतं. नक्षी जागच्या जागी असते, पण हडकुळी. पृष्ठभाग खरखरीत होतो आणि काठ पातळ होतो. छपाईच्या चुकीत असं चहूबाजूंचं एकसारखं बारीक होणं नसतं.

ओंकारेश्वर-महेश्वरहून आलेली नाणी हा आमच्या भागातला वेगळाच वर्ग. नर्मदेत भाविक नाणी टाकतात, घाटावरची पोरं दोरीला चुंबक बांधून ती काढतात आणि ती फिरत फिरत इंदुरात येतात. वाळूनं घासलेली, खड्डे पडलेली, काळी झालेली ही नाणी पहिल्यांदा पाहणाऱ्याला फार गूढ वाटतात. देवघरातल्या रुपयांची तऱ्हा याच्या उलट. दर दिवाळीला लक्ष्मीपूजनाच्या आधी पितांबरीनं घासून घासून राजाचा चेहरा इतका गुळगुळीत झालेला असतो, की ठसाच फिका होता की काय असं वाटावं. ११.६६ ग्रॅमचा तो जुना चांदीचा रुपया काट्यावर ठेवला की घासण्यात किती गेलं ते कळतं.

घरी करता न येणारी चूक

वरचा आणि खालचा ठसा एकमेकांशी जुळवून बसवावे लागतात. एखादा सैल होऊन फिरला तर छापा सरळ आणि काटा तिरका येतो. आपलं नाणं उभ्या अक्षावर, पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं की दोन्ही बाजू सरळ दिसायला हव्यात. थोडंसं तिरकं चालायचंच, त्याला कुणी विचारत नाही. पूर्ण उलटं असेल तर संग्राहकांचे डोळे चमकतात. जादूगाराचं जोडकाम सोडलं तर ही चूक घरी बनवता येत नाही, म्हणून नवशिक्यानं शोधायला मला ती सगळ्यात बरी वाटते. फक्त मुलगा अमेरिकेहून क्वार्टर घेऊन आला तर त्याला हे लागू करू नका. तिकडची नाणी मुळातच उलटी असतात, आडव्या अक्षावर फिरवली की सरळ दिसतात.

होळकरी रुपयाला हे नियम लावू नका

इंदुरात हे सांगावंच लागतं. मल्हारनगरच्या, म्हणजे इंदूरच्याच टांकसाळीचा, सूर्याचा चेहरा असलेला सूर्यमुखी रुपया किंवा अहिल्याबाईंच्या काळचा, शिवलिंग आणि बेलपान असलेला महेश्वरचा रुपया घरात सापडला की लोक म्हणतात, "अक्षरं अर्धीच आहेत, एरर आहे." ही नाणी हातोड्यानं पाडलेली. चांदीचा गोळा खालच्या ठशावर ठेवायचा, वर दुसरा ठसा धरायचा आणि घाव घालायचा. कॉलर नव्हतीच, आणि ठसा नाण्यापेक्षा मोठा असे. त्यामुळे पूर्ण मजकूर कुठल्याच नाण्यावर मावत नसे. कुठे मोगल बादशाह शाह आलमच्या नावाचा तुकडा येई, कुठे टांकसाळीच्या नावाचा. नक्षी एका बाजूला सरकणं, घाव उडून दुहेरी उमटणं हे तिथं रोजचंच होतं. अशा नाण्यात सूर्याचा चेहरा पूर्ण आला असेल तर तेच दुर्मीळ समजतात आणि त्याचीच किंमत वाढते.

शिवाजीराव होळकरांच्या काळातले (१८८६ ते १९०३) नंदी असलेले तांब्याचे पाव आणे आणि अर्धे आणे मात्र यंत्रावरचे. तिथून पुढे कॉलर, ठसा, चकती हा सगळा हिशेब लागू होतो.

जुन्या रुपयांवर आणखी एक प्रकार दिसतो: बारीक चंद्रकोर, चांदणी, टिंब असे खोल ठोकलेले छोटे छाप. हे सराफांनी मारलेले. आत तांबं घालून वरून चांदी चढवलेली नाही ना, हे पाहण्यासाठी ते नाण्याला खूण करत. टांकसाळीच्या दृष्टीनं हे बाहेरचं नुकसानच, आणि बरेच संग्राहक त्यासाठी किंमत पाडतात. मला हे पटत नाही. ते नाणं कुणाच्या पेढीवर फिरलं, कुणी पारखलं, याची नोंद त्या छापांखेरीज दुसरीकडे कुठेच उरलेली नाही. गळ्यात घालायला पाडलेल्या भोकाबद्दल मात्र मी भांडणार नाही.

फोटोवरून नाणं घेताना

विकणारा छाप्याचा आणि काट्याचा झकास फोटो पाठवतो. त्यावर निर्णय घेऊ नये. कडेचा फोटो मागावा, चारही बाजूंनी. वजनकाट्यावर ठेवलेलं नाणं आणि वजनाचा आकडा एकाच फोटोत मागावा. दिवा तिरका धरून काढलेला एक फोटो मागावा. त्या कथित चुकीच्या बरोबर मागची जागा जवळून मागावी. दहाचं नाणं असेल तर सांध्यावरून जाणारी नक्षी दाखवायला सांगावी. 'नाणं लॉकरमध्ये आहे, आधी नोंदणीची फी भरा' असं उत्तर आलं तर तिथंच थांबावं. जुन्या नोटा-नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली फी आणि कर उकळणाऱ्यांबद्दल रिझर्व्ह बँकेनं ऑगस्ट २०२१ मध्ये लोकांना सावध केलं होतं, आणि अशी कुठलीही फी बँक स्वतः घेत नाही.

घरी प्रयोग म्हणून नाणी शिकंज्यात घालण्याचा किंवा आम्लात टाकण्याचा मोह आवरावा. २०११ च्या नाणे कायद्यानुसार चलनी नाणं वितळवणं किंवा नष्ट करणं हा गुन्हा आहे. हात बसायला हवा असेल तर किराणा दुकानदाराकडून रुपया-दोनच्या सुट्या नाण्यांची एक पिशवी बदलून आणावी आणि ती सगळी फक्त कडेकडून पाहावी. अस्सल कड कशी दिसते हे डोळ्यात बसलं की बनावट काम पटकन खटकतं.